आमचीं घुबडें

आमच्या घरीं गेल्या वर्षापर्यंत ७४ घुबडें होतीं. हें वाक्य वाचून वाचकांच्या मनांत जी शंका येईल ती आरंभींच दूर केलेली बरी. हीं घुबडें सजीव नव्हतीं. आणि तीं आम्हीं जमविलेलीं नव्हतीं, जमलीं होतीं. संग्रह करणाऱ्या मनुष्याच्या ठिकाणीं जी चिकाटी, जी पारख आणि जो एक प्रकारचा गोड वेडेपणा असावा लागतो, त्यांतलें आमच्या ठिकाणीं कांहींएक नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत गेलों म्हणजे ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. दिनकर गंगाधर केळकरांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे असें जें जें गोळा केलें, तें त्यांना हवें होतें म्हणून. आणि अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें नांव त्यांनीं त्या सर्वांस दिलें. आमच्याकडे आलेली प्रत्येक वस्तु, ती आम्हांस हवी आहे असें दुसऱ्या कोणास तरी वाटलें म्हणून आली. हा फरक लहान नव्हे.

मूळ अपराध अर्थात् आमचाच. १९८९ सालीं आम्ही एका महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत होतों, आणि वर्गांत पंचतंत्रांतील तिसरें तंत्र, ‘काकोलूकीय’, चाललें होतें. पक्ष्यांनीं घुबडास राजा करण्याचें ठरविलें, अभिषेकाची सिद्धता झाली, आणि ऐन वेळीं कावळ्यानें येऊन त्याच्या रूपाची निंदा करून तो बेत मोडला, ही कथा त्यांत आहे. पुढें स्थिरजीवी नांवाचा कावळा शरणागताचें सोंग घेऊन घुबडांच्या दुर्गांत शिरतो. रक्ताक्ष नांवाचा मंत्री एकटा जीव तोडून विरोध करीत असतां राजा अरिमर्दन त्यास ठेवून घेतो. आणि हा पाहुणा एकेक काटकी आणून गुहेच्या तोंडाशीं सांठवतो व एके दिवशीं, घुबडांस उजेडीं दिसत नाहीं ही संधि साधून, सर्वांस जाळून टाकतो. दुपारची वेळ होती. मुलें पेंगूं लागलीं होतीं. केवळ त्यांस जागें ठेवण्याकरितां आम्हीं घुबडांचें वकीलपत्र घेतलें. शरण आलेल्यास ज्यांनीं आसरा दिला ते मूर्ख, आणि आसरा देणाऱ्यांस ज्यानें जाळलें तो नीतिज्ञ, हा न्याय कुठला? वैशेषिक दर्शनाच्या कर्त्या कणादास परंपरेनें ‘उलूक’ म्हटलें आहे, आणि ‘सर्वदर्शनसंग्रहां’त त्या दर्शनाचें नांवच औलूक्यदर्शन आहे, मग मराठींत घुबड म्हटलें कीं ती शिवी कां व्हावी? तास रंगला. त्या वर्षीच्या निरोपसमारंभांत मुलांनीं आम्हांस मातीचें एक घुबड दिलें, आणि आम्हीं सभ्यपणानें ‘फारच सुंदर’ असें म्हटलें. त्या दोन शब्दांची किंमत आम्ही पुढें ३५ वर्षें भरीत आलों.

मास्तरास भेट काय द्यावी हा मोठा बिकट प्रश्न असतो. आमच्यापुरता तो सुटला. वाढदिवस, गृहप्रवेश, सेवानिवृत्ति, षष्ट्यब्दिपूर्ति, कोणत्याहि निमित्तानें घुबड येऊं लागलें. पितळेचें आलें, शिसवीचें आलें, दोऱ्यांनीं विणलेलें आलें. ज्याचे डोळे काट्याबरोबर डावीउजवीकडे फिरतात असें एक घड्याळ आलें. बंगाली सहकाऱ्यानें बर्धमान जिल्ह्यांतील नतूनग्रामचीं रंगीत लांकडी घुबडें आणलीं. तिकडे हा पक्षी लक्ष्मीचें वाहन. भाच्यानें अथेन्सहून एक युरोचें नाणें आणलें. ग्रीसनें त्यावर आपल्या प्राचीन नाण्यावरील घुबडच छापलें आहे. आमच्या एवढ्या मोठ्या परिवारांत बाजारांत चालण्यासारखें तें एकटेंच.

घुबडें तुम्हांला आवडतात काय, असें आम्हांस कोणीं विचारलें नाहीं, आणि आवडत नाहींत असें आम्हीं कोणास सांगितलें नाहीं. याला भीड हें एक कारण. पण खरें कारण निराळें आहे, तें या वयांत लपविण्यांत अर्थ नाहीं. शेकडों विद्यार्थी हातांखालून गेले. आम्हीं काय शिकविलें तें त्यांतल्या फार थोड्यांना आठवत असेल. ‘घुबडवाले सर’ एवढें मात्र सर्वांना आठवे. तेंहि पुसून टाकावें इतका निःस्पृहपणा आमच्या अंगीं नव्हता.

आमच्या पत्नीला मात्र तीं मनापासून नकोशीं होतीं, अशी आमची समजूत होती. ती कोंकणांतली. तिच्या माहेरीं पिंगळा ओरडला तरी म्हातारीं माणसें अस्वस्थ होत. तिनें कधीं तक्रार केली नाहीं. दर आठवड्यास तीं पुसून ठेवी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं मात्र ती एकेका घुबडाचें तोंड भिंतीकडे करून ठेवी आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हा सरळ करी. बंगाली सहकाऱ्याच्या पत्नीनें, लक्ष्मीच्या पूजेला तिचें वाहन असें पाठमोरें बसविणें बरें नव्हे, म्हणून तिला एकदां समजाविलें. तिनें ऐकून घेतलें. त्या वर्षीं नतूनग्रामचीं घुबडें तेवढीं सरळ राहिलीं; बाकीचीं भिंतीकडेच.

२०१५ सालीं सहा महिन्यांच्या आजारानंतर ती गेली. तेराव्या दिवशीं आमच्या एका वृद्ध आत्या, मंडळी पानावर बसलेलीं असतां, कपाटाकडे पाहून म्हणाल्या, “मी तेव्हांच म्हटलें होतें रे, हीं अभद्र पांखरें घरांत ठेवूं नका.” त्यांच्या मनांत दुष्टपणा नव्हता. त्यांनाहि दुःख झालें होतें, आणि दुःखाला कारण लागतें. परंतु त्या एका वाक्यानें आमचे हात बांधले गेले. तोंपर्यंत, आतां या वस्तु कोणास तरी देऊन टाकाव्या, असें मनांत घोळत होतें. आतां दिल्या असत्या तर त्याचा अर्थ काय झाला असता? आत्यांचें म्हणणें आम्हांस पटलें असा. आणि तें पटलें म्हणजे, ‘फारच सुंदर’ म्हणून पहिलें घुबड घरांत आणणारा कोण, हा प्रश्न उरतोच. आम्ही शकुनापशकुन मानीत नाहीं. तरीहि त्या वर्षीं लक्ष्मीपूजनाला आम्हीं स्वतः स्टुलावर चढून सर्व घुबडांचीं तोंडें भिंतीकडे केलीं. पुढें नऊ वर्षें तीं जागचीं हललीं नाहींत.

२०२४ सालीं आमच्या सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचें ठरलें. भाड्याच्या दोन खोल्यांत जावयाचें. तेथें माणसांनाच जागा बेताची. घुबडांस दुसरें घर पाहणें आतां भाग होतें.

प्रथम वाटलें, ज्यानें दिलें त्याला परत द्यावें. एका जुन्या विद्यार्थ्यास दूरध्वनि केला. “सर, अजून जपून ठेवलंय तुम्हीं!” असें तो इतक्या आनंदानें म्हणाला कीं पुढचें बोलणें आमच्या तोंडून निघेना. पुढच्या रविवारीं तो भेटावयास आला, आणि ७३ चीं ७४ झालीं. भंगारवाल्यानें पितळेचें घुबड हातांत घेऊन वजनाचा अंदाज केला, मग उलटें करून त्याचें तोंड पाहिलें, आणि खालीं ठेवलें. म्हणाला, “साहेब, एरवीं घेतलं असतं, पण अजून भवानी व्हायचीय.” एका बालवाडीच्या बाईंनीं हत्ती किंवा ससे असल्यास अवश्य पाठवा म्हणून सांगितलें. घरकाम करणाऱ्या बाईंना विचारलें तेव्हां त्या बिचाऱ्या ओशाळल्या. “काका, दुसरं कांहीं द्या. सासू घरांत घ्यायची नाहीं.” शरण आलेल्या कावळ्यास घुबडांनीं घर दिलें; घुबडांस घर देणारा आम्हांस पुणें शहरांत मिळेना. नाहीं म्हणावयास, सोसायटीच्या रात्रीच्या पहारेकऱ्यानें डोळे फिरविणारें घड्याळ आणि एक सिमेंटचें घुबड आनंदानें नेलें. आपण दोघेहि रातपाळीचे, असें तो म्हणाला.

सामान बांधतांना एक गोष्ट उघडकीस आली. घुबडें आम्हीं कधीं उलटीं करून पाहिलीं नव्हतीं. भंगारवाल्यानें केलें तेव्हां बुडाशीं कांहीं पांढरें दिसलें होतें. आतां चष्मा लावून पाहिलें. प्रत्येकाच्या तळाशीं चिकटपट्टी, आणि तिच्यावर पत्नीच्या बारीक, सरळ अक्षरांत तीन गोष्टी: देणाऱ्याचें नांव, निमित्त, साल. ती गृहिणी होती. कोणाकडून काय आलें हें लक्षांत ठेवल्यावांचून त्याच्या घरच्या कार्याला योग्य आहेर कसा करणार? त्या पट्ट्या वाचण्यांत आमची सारी दुपार गेली. कित्येक नांवें आम्ही विसरलों होतों. कांहीं माणसें आतां हयात नाहींत. खालच्या फळीवर कोंपऱ्यांत शिंपल्यांचें एक लहान घुबड होतें. कोणा विद्यार्थ्यानें सहलीहून आणलें असावें असें आम्ही समजत होतों. त्याच्या पट्टीवर लिहिलें होतें: “मी. साठावा वाढदिवस. २००९.”

तें तिनें हातांत दिलें नव्हतें, कांहीं बोललीहि नव्हती. त्या दिवशीं आलेल्या भेटवस्तूंत गुपचूप ठेवून दिलें होतें. आम्हांस घुबडें आवडतात, असें तिलाहि वाटत होतें तर! आणि तिला आवडत नाहींत, असें आम्ही धरून चाललों होतों. एका घरांत राहून हा साधा खुलासा आम्हां दोघांना कधीं करतां आला नाहीं.

शिंपल्यांचें घुबड आणि तें नाणें आम्हीं ठेवून घेतलें. उरलेल्या ७० ची सोय अखेर पुरंदर तालुक्यांत झाली. आमचा एक विद्यार्थी तेथें प्राथमिक शाळेंत शिक्षक आहे. याच तालुक्यांत, पिंगोरी गांवीं, २०१८ सालीं इला फाउंडेशननें घुबडांचा महोत्सव भरविला होता, तेव्हांपासून त्याला या पक्ष्याचें वेड. तो मोटार घेऊन आला आणि घुबडें खोक्यांत भरतां भरतां आम्हांसच शिकवूं लागला: गव्हाणी घुबड कोठाराच्या आसपास राहून उंदीर कसे खातें, आणि रानपिंगळा, १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, तो ११३ वर्षांनीं, १९९७ सालीं, सातपुड्याच्या पायथ्याशीं शहाद्याजवळ कसा पुन्हा दिसला. आम्ही आयुष्यभर घुबडवाले म्हणून मिरविलों. यांतलें अक्षरहि आम्हांस ठाऊक नव्हतें. निघतांना त्यानें विचारलें, “सर, खालच्या पट्ट्या काढूं का?” आम्हीं उत्तर दुसऱ्या दिवशीं कळविलें. राहूं दे, म्हटलें.

त्यानें मुलांना एकेक घुबड घरीं नेण्यास दिलें. पुढच्या आठवड्यांत ११ परत आलीं. कोणाची आजी रागावली, कोणाच्या बापानें तें अंगणाबाहेरच ठेवावयास लाविलें. तीं शाळेच्या कपाटावर बाकीच्यांबरोबर बसलीं आहेत, आणि खिडकीकडे तोंड करून बसलीं आहेत असें त्यानें मुद्दाम लिहिलें. पत्रासोबत एक छायाचित्र होतें: पहिल्या वर्षीचें तें मातीचें घुबड, उलटें धरलेलें. पत्नीच्या पट्टीखालीं एक नवी पट्टी, आणि तिच्यावर शिसपेन्सिलीनें एका मुलीचें नांव, “इयत्ता चौथी, २०२४.” घुबड ज्याच्या घरीं जातें त्यानें खालीं आपलें नांव लिहावयाचें असतें, असा मुलांचा समज झाला आहे. आमच्या विद्यार्थ्यानें तो दुरुस्त केलेला नाहीं. आम्हींहि तसें त्याला सुचविलें नाहीं.