कोनाड्यातली कपबशी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त साधंच आहे, एक कपबशी. पण महिनाभर ती डोक्यातून जात नाहीये, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकावं. नात्यातली मंडळीही इथे वाचायला येतात, त्यांनी रागावू नये.

या उन्हाळ्यात ब्राह्मणपुरीचं (ता. शहादा) आमचं जुनं धाब्याचं घर पाडायला काढलं. काकांना तिथे स्लॅबचं घर बांधायचंय. सामान आवरताना ओट्याकडच्या कोनाड्यात, अगदी आत सरकवलेली एक कपबशी पुतण्याला सापडली. कपाचा कान तुटलेला, बशी मात्र शाबूत. पांढऱ्यावर निळं चित्र. पठ्ठ्याने फोनवर फोटो काढला आणि पाच मिनिटांत जाहीर केलं, "विलो पॅटर्न! इंग्लंडचा माल आहे, अँटिक!"

झालं. घरभर बातमी. आप्पांची विलायती कपबशी! काकूंनी नव्या घरातल्या शोकेसमधली जागासुद्धा ठरवून टाकली. मी काहीच बोललो नाही. कारण मला ती कपबशी चांगली ओळखीची होती.

आधी त्या चित्राबद्दल सांगतो. मध्ये पाण्यावर झुकलेलं झाड, एक पूल, पुलावर तीन माणसं, उजवीकडे चिनी धाटणीचा वाडा, एक होडी आणि वर आभाळात दोन पाखरं. बघणाऱ्याला वाटावं, चीनमधूनच आलंय. पण हे चित्र जुळवलं इंग्लंडमध्ये, १७९० च्या सुमारास. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या स्पोड कारखान्याचं नाव त्यासाठी घेतात. चीनहून येणाऱ्या भांड्यांवरचे तुकडे उचलून एकत्र केले, तांब्याच्या पत्र्यावर कोरले, पातळ कागदावर निळा छाप घेऊन तो भांड्यावर उतरवला. म्हणजे ठसाच. हाताने रंगवायची कटकट नाही, भांडी स्वस्त झाली आणि घरोघरी गेली. पुढे खप वाढावा म्हणून एक गोष्टही रचली. श्रीमंत अधिकाऱ्याची मुलगी बापाच्या कारकुनाच्या प्रेमात पडते, दोघं पळतात, बाप चाबूक घेऊन मागे लागतो आणि शेवटी दोघांची पाखरं होतात. गोष्टही इंग्लंडचीच, चीनला तिचा पत्ता नाही. गंमत म्हणजे नंतर चिनी कारागीरच हे चित्र काढून भांडी विकायला लागले!

या पांढऱ्या भांड्यांचं युरोपला वेडच होतं. चीनची पोर्सेलिन कशी बनते ते त्यांना शतकानुशतकं कळत नव्हतं. हॉलंडच्या डेल्फ्टमध्ये साध्या मातीवर पांढरा लेप देऊन नक्कल करायचे. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने तर सोनं बनवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुणाला कोंडून ठेवलं होतं. त्याच्या हातून सोनं नाही, पण १७०८ मध्ये पोर्सेलिन साधली. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. याच राजाने १७१७ मध्ये १५१ चिनी भांड्यांच्या बदल्यात प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार देऊन टाकले. माणसं देऊन भांडी घेतली!

आमची कपबशी त्या मानाने अगदीच गरीब. मुळात ती खरी पोर्सेलिन नाही, वरून झिलई दिलेली मातीच. आणि बुडाशी 'मेड इन इंग्लंड' छापलंय. मालावर देशाचं नाव हवं असा कायदा अमेरिकेने केला तो १८९१ पासून लागू झाला, त्यानंतर असे छाप आले आणि 'मेड इन' हे शब्द तर बहुतेक विसाव्या शतकातले. हे ऐकून पुतण्या जरा हिरमुसला.

असो. आता मूळ मुद्दा.

ती कपबशी आप्पांनी सुरतेहून आणली हे खरं. नंदुरबारहून सुरतेला रेल्वे, कापसाच्या कामाने त्यांचं जाणं-येणं असायचं. पण आप्पा त्या कपातून कधीच चहा प्यायले नाहीत. घरात कोणीच नाही. आम्ही पितळी, नंतर स्टीलच्या भांड्यातून प्यायचो. आजीचं म्हणणं, पितळ राखेने घासलं, विस्तवावर धरलं की शुद्ध होतं. चिनीमातीचं तसं नाही, तिला एकदा तोंड लागलं की लागलं. म्हणून ती कपबशी बाहेर ओट्यावर, सालदारासाठी.

आमचे सालदार भिल्ल होते. आखाजीला साल ठरायचं ते पुढच्या आखाजीपर्यंत. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण घरात सगळे त्यांना एकेरीत हाक मारायचे. मीसुद्धा, आठ वर्षांचा असताना. सकाळी ते कोनाड्यातून कपबशी काढायचे, आजी वरून चहा ओतायची, पिऊन झालं की ते स्वतः विसळून पालथी घालून ठेवायचे. मला चित्राचं वेड, म्हणून मी जवळ जाऊन बसायचो. एकदा विचारलं, ही तीन माणसं कुठे चाललीत? त्यांनी बशी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "मागच्याच्या हातात चाबूक दिसतो." बस, एवढंच. मी बशीला हात लावायला गेलो तर आतून आजी ओरडली, "त्याले हात नको लाऊ, ते आपलं नही!"

आजी वाईट नव्हती हो. सालदारांची बायको बाळंत झाली तेव्हा डिंकाचे लाडू तिनेच करून पाठवले होते. पण लाडू पाठवणारा हात चहा मात्र वरूनच ओतायचा. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं गेलं, हे शाळेत असताना मजेशीर वाटायचं. तोच चहा आमच्या ओट्यावर रोज होत होता, ते मात्र दिसलं नाही. तिकडे ज्या पांढऱ्या भांड्यासाठी राजाने माणसं दिली, तेच आमच्याकडे माणूस बाहेर ठेवायला उपयोगी पडलं.

घर पाडायच्या कामावर त्याच सालदारांचा मुलगा होता. तो आता गवंडीकाम करतो, माझ्याच वयाचा. दुपारी सगळे सावलीला बसलो होतो. पुतण्याने कौतुकाने बशी त्याच्यासमोर धरली, "काका, बघा, आमच्या पणजोबांची इंग्लंडची बशी!"

त्याने ती हातात घेतली. उलटी केली, परत सुलटी केली. चित्रावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि अगदी सहज म्हणाला, "ही तर आमच्या बापाची."

कोणी काही बोललं नाही. पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. त्याला काही माहीतच नव्हतं, आम्ही कधी सांगितलंच नव्हतं ना.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही घेऊन जा." तो हसला. "काय करू नेऊन भाऊ, घरात दहा कप आहेत." आणि बशी माझ्या हातात देऊन कामाला लागला.

आता ती माझ्यासमोर टेबलावर आहे. काकूंचा परवाच फोन आला, शोकेस तयार होतेय, बशी पाठवून दे म्हणून. पाठवतो काकू. पण येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं की ही कुणाची, तर आप्पांची म्हणू नका. आणि पुतण्याला सगळं सांगायचं काम माझं, ते या दिवाळीत करतो.