चाकातला चहाडखोर

पूर्वी चाकातली हवा बघायची म्हणजे मोटारीतून खाली उतरावे लागे. उतरून टायरला एक लाथ घालायची, 'ठीक आहे' म्हणायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. लाथेने हवा कळते यावर त्या काळच्या तमाम मोटारवाल्यांचा गाढ विश्वास होता. टायरचा नसे. ते भर पावसात, स्टेपनी चढवताना कळे.

आता चाकाच्या पोटातच एक चहाडखोर बसवलेला असतो. हवा भरायच्या व्हॉल्व्हला आतून चिकटलेला, आगपेटीएवढा सेन्सर. तो दाब मोजतो आणि बिनतारी संदेशाने मोटारीला कळवतो. हवा फार उतरली की समोर घोड्याच्या नालेसारखा पिवळा दिवा लागतो. त्याच्या पोटात उद्गारचिन्ह! अमेरिकेत टायर निकामी होऊन मोटारी उलटू लागल्या, तेव्हा २००० साली कायदा झाला आणि २००८ च्या मॉडेलांपासून हा दिवा नव्या मोटारींना सक्तीचा झाला. आपल्याकडे २०२० साली सरकारने वेगळेच केले. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, हा सेन्सर आणि पंक्चर काढायचा संच असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल म्हणाले. म्हणजे पाचव्या चाकाची जागा एका दिव्याने घेतली!

असा हा मानाचा दिवा. पण माझ्या भाच्याने नव्या गाडीची चाके तिसऱ्याच महिन्यात बदलली. जुन्यांत काय वाईट होते विचारले, तर म्हणाला, "मामा, लूक नाही रे त्यांना!" मग अलॉयची चकचकीत चाके आली आणि जुनी चार सेन्सरांसकट माळ्यावर गेली. माळ्यावरून कोण चहाड्या करणार? गाडी सुरू केली की दिवा मिनिटभर उघडझाप करी आणि मग जळतच राही. हवा कमी असेल तर दिवा सरळ लागतो. आधी उघडझाप म्हणजे 'मला काही ऐकूच येत नाही' ही मोटारीची तक्रार. भाच्याने तक्रारीवर काळी चिकटपट्टी लावली.

परवा आम्ही त्याच गाडीतून अलिबागला निघालो. गोव्याचा आणि अलिबागचा रस्ता जिथे वेगळा होतो, त्या वडखळ नाक्यावर वडापाव खाऊ घातल्याशिवाय मुंबईकराची गाडी पुढे सरकत नाही. आम्ही खात असताना शेजारचे पंक्चरवाले काका म्हणाले, "साहेब, मागचं डावं बसलंय."

मोजली, तर बत्तीसऐवजी एकवीस! गाडीत अर्थातच स्टेपनी नव्हती.

"दिवा नाही लागला?" काकांनी विचारले.

"तो कायमच लागलेला असतो," भाचा म्हणाला.

"मग दादा, आज कशापायी लागलाय ते कळायचं कसं? कुत्रं रोजच भुंकायला लागलं की चोराचं फावतं!"

काकांनी खिळा उपसला, पंक्चर काढले आणि वर सल्ला फुकट दिला. जुने सेन्सर नव्या रिमच्या भोकात नीट बसत असतील, तर रबरी सील नवे घालून तेच चढवावेत. टायर उतरवताना पहार व्हॉल्व्हपासून लांब ठेवावी, नाहीतर सेन्सरचा तुकडा हातात येतो. नवे घेतले, तर ते त्याच गाडीला चालणारे घ्यावेत. प्रत्येकाला स्वतःचा नंबर असतो आणि त्याची गाडीशी ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या चार मैल चालवल्या की आपण होऊन ओळख करून घेतात, काहींना यंत्र लावावे लागते. सेन्सरची बॅटरी आत सीलबंद असते, पाच ते दहा वर्षे टिकते आणि संपली की सबंध सेन्सरच बदलावा लागतो. काही गाड्यांत मात्र सेन्सर नसतोच. हवा उतरलेले चाक जरा लहान होऊन जास्त फिरते, त्यावरून त्या ताडतात. तिथे नव्या चाकांत गार असताना हवा भरून नोंदणीचे बटण दाबले की झाले.

रविवारी चारही सेन्सर माळ्यावरून उतरले आणि नव्या चाकांत बसले. चिकटपट्टी निघाली, दिवाही विझला. आता तो लागला, तर गाडी थांबते. आपली चहाडी वेळेवर करणारे कुणीतरी घरात असावे, तसे गाडीतही असावे. चाकात हवा हवीच. पण चहाडखोरही हवा!