शिंके आणि स्लॅब

जुन्या मराठी स्वयंपाकघरात वस्तू ठेवण्याच्या दोन रीती असत. एक उतरंड, दुसरी शिंके. उतरंडीत मडक्यावर मडके चढते आणि सगळा भार खाली जमिनीकडे जातो. शिंक्यात तोच भार दोरीवाटे वर आढ्याकडे जातो. पहिल्या रीतीत पदार्थ दाबला जातो, दुसरीत ताणला जातो. बेंगळुरूच्या बाह्य वळणरस्त्यावर, व्हाइटफिल्डला किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत उभ्या असलेल्या काचेच्या कार्यालयांत आज या दोन्ही रीती नांदतात. खांब, तुळया आणि मजले ही उतरंड. फॉल्स सीलिंगच्या पांढऱ्या पत्र्यांमागे लपलेले आहे ते शिंके.

त्या पत्र्यांच्या वर केबल ट्रे असतात, वातानुकूलनाचे डक्ट असतात, अग्निशमनाचे नळ असतात. कार्यालयाची जमीन महाग असल्यामुळे कित्येकदा नेटवर्कचे रॅकही छतालाच टांगलेले असतात. खाली माणसे बसतात, काम करतात, डबा खातात. आपल्या डोक्यावर नेमके किती किलो लोंबते आहे, हे त्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. ठाऊक असण्याचे कारणही नसते, कारण ते ठाऊक असण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी असते. ती नेमकी कुणाची, हाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

आधी हिशेब पाहावा. भरलेला एक लहान रॅक १२० किलोचा धरला आणि तो दहा मिलिमीटर जाडीच्या चार आटेदार सळ्यांवर टांगला, तर प्रत्येक सळीच्या वाट्याला ३० किलो येतात. साध्या पोलादाची अशी सळी कायमची लांबण्यापूर्वी जवळजवळ १४०० किलो पेलते. आकडे इतके दिलासादायक आहेत की येथे चिंतेचे कारणच काय, असे कुणालाही वाटावे.

पहिले कारण चौरंगाने शिकवलेले आहे. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर स्थिर बसते, चार पायांचा चौरंग मात्र डुगडुगतो. ताठ चौकटीचा रॅक चार सळ्यांवर टांगला आणि त्यांतली एक केसभर सैल राहिली, तर भार प्रामुख्याने कर्णावरच्या दोन सळ्यांवर जातो. तीसचे साठ होतात. पुढे कुणीतरी त्याच रॅकमध्ये यूपीएसच्या बॅटऱ्या ठेवतो. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची एक शिशाची बॅटरी सुमारे ३० किलोची असते. दुरुस्तीला आलेला माणूस शिडीवरून तोल सावरताना रॅकला धरतो, तेव्हा त्याचेही वजन क्षणभर त्याच सळ्यांवर येते. नकाशावर १२० किलोच लिहिलेले राहतात.

दुसरे कारण अधिक खोल आहे, कारण दुबळा दुवा सळी हा नसतोच. दुबळा दुवा असतो ती सळी जिथे काँक्रीटमध्ये शिरते ती जागा. शिंक्याची दोरी लाकडी आढ्याला वेढा घालून बांधली जाई. स्लॅबला वेढा घालता येत नाही. तिथे ड्रिलने भोक पाडून अँकर फास्टनर ठोकावा लागतो. काँक्रीट दाबाला बळकट आणि ताणाला भित्रे असते. एम-३० दर्जाचे काँक्रीट चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसते. वाकवून मोजलेली त्याची ताणशक्ती मात्र आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या सूत्राने ३.८ न्यूटनच्या आसपास येते, म्हणजे आठवा हिस्सा. शिवाय भार वाहणारा स्लॅब खाली झुकतो, तेव्हा दोन आधारांच्या मधल्या भागात त्याची खालची बाजूच ताणली जाते आणि बारीक भेगा तिथेच पडतात. छताला वस्तू टांगणारा माणूस नेमका त्याच बाजूला भोक पाडत असतो.

अँकर उपटला जातो तेव्हा तो बहुधा एकटा येत नाही. काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा सोबत घेऊन येतो. त्या शंकूची ताकद खोलीच्या दीड घाताने बदलते. त्यामुळे सळईचा गज आडवा आला म्हणून फिटरने निम्म्या खोलीवर ड्रिल थांबवले, तर ताकद निम्मी होत नाही, सुमारे ३५ टक्क्यांवर येते. भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने साफ केली नाही, तर रासायनिक अँकरचा गोंद काँक्रीटऐवजी धुळीला चिकटतो. बाहेरून दोन्ही अँकर सारखेच दिसतात.

बेंगळुरूच्या बऱ्याच नव्या इमारतींत आणखी एक गोष्ट स्लॅबच्या पोटात दडलेली असते. खांबांतले अंतर वाढवण्यासाठी स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा घालतात. १२.७ मिलिमीटरच्या एका तारेत साधारण तेरा टनांचा ताण कोंडलेला असतो. स्कॅन न करता मारलेले ड्रिल तिच्यावर पडले, तर प्रश्न रॅकपुरता उरत नाही.

टांगलेल्या भाराची चूक किती साधी असू शकते, हे अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १७ जुलै १९८१ रोजी दिसले. हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या पातळीवरचे दोन पादचारी पूल एकाखाली एक, छतापासून टांगलेले होते. मूळ आराखड्यात एकच अखंड सळी दोन्ही पुलांतून जात होती. बांधणीच्या सोयीसाठी तिचे दोन तुकडे झाले आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला टांगला गेला. एकाच शिंक्याच्या दोरीला दोन मडकी वेगवेगळी बांधण्याऐवजी खालचे मडके वरच्याच्या काठाला बांधावे, तसे हे झाले. दोरीवरचा एकूण भार बदलला नाही, पण वरच्या काठावरचा भार दुप्पट झाला. त्या संध्याकाळी ११४ माणसे मरण पावली. पुढे १० जुलै २००६ रोजी बॉस्टनच्या एका बोगद्यात छताचे काँक्रीटचे तक्ते एका मोटारीवर कोसळले आणि एका स्त्रीचा जीव गेला. अँकर धरून ठेवणारा इपॉक्सी गोंद सततच्या भाराखाली कणाकणाने सरकत गेला होता. थोड्या वेळाच्या चाचणीत जो गोंद टिकतो, तो वर्षानुवर्षे टिकेलच असे नाही.

भूकंप हा यातला सर्वांत कठोर परीक्षक. त्या परीक्षेची तयारी करून घेणारी जागा बेंगळुरूतच आहे. १९६० साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद असे कंपन-मेज आहे. ते दहा टनांपर्यंतचे उपकरण तिन्ही दिशांनी हलवू शकते. विद्युत पॅनेल आणि कपाटे तिथे कृत्रिम भूकंपाला सामोरी जातात. पण मेजावर ठेवलेले कपाट काळजीपूर्वक बोल्टने जखडलेले असते. इमारतीत त्याच्या भावंडाला टांगणारा माणूस शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा असतो, त्याच्या डोळ्यांत काँक्रीटची धूळ जात असते आणि रात्रीत काम संपवण्याची घाई असते. उपकरणाचे प्रमाणपत्र त्या भोकाला लागू होत नाही.

टांगलेली वस्तू हा लंबकही असतो. सळ्या दोन्ही टोकांना मोकळ्या फिरू शकत असतील आणि ३० सेंटिमीटर लांब असतील, तर रॅकचा दोलनकाल १.१ सेकंद येतो. भूकंपविषयक मानक आयएस १८९३ मधील सूत्रानुसार ३६ मीटर उंच, भिंतींचा भराव नसलेल्या काँक्रीटच्या चौकटीचा दोलनकालही तेवढाच निघतो. झोका योग्य वेळी ढकलला की उंच जातो, हे लहान मुलालाही कळते. म्हणूनच चार उभ्या सळ्यांना तिरप्या आधारांची जोड द्यावी लागते. हे आधार रोजचे वजन पेलत नाहीत. त्यामुळे खर्च वाचवताना पहिली कात्री त्यांच्यावरच चालते.

२०१६ च्या मानकात बेंगळुरू सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडते, हे खरे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरले, तेव्हा त्या काळच्या नकाशात तो भागही सर्वांत कमी धोक्याच्याच क्षेत्रात होता. नकाशा संभाव्यता सांगतो, हमी देत नाही.

या साऱ्यावरचा उपाय अद्भुत नाही. निवडक अँकर ठरावीक भाराने ओढून पाहणे, खोली मोजणे, ड्रिलपूर्वी स्लॅब स्कॅन करणे आणि रॅकवर त्याची भारमर्यादा ठळक लिहिणे, एवढाच तो आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातले प्रत्येक सूत्र पहिल्या दोन वर्षांत उमगू शकते. जे सूत्रात मावत नाही ते एवढेच, की अभियंत्याने आखलेला, ठेकेदाराने वाटलेला आणि फिटरने ठोकलेला हा भार तिघांपैकी एकाच्याही नावावर नसतो. तो नावावर येतो तेव्हा बहुधा चौकशी समिती बसलेली असते. फिटरच्या हाती खोलीची खूण केलेला ड्रिल बिट आणि त्याच्या सहीसाठी एक रकाना दिला, तर ते नाव आधीच कागदावर येईल. मात्र त्या रकान्याच्या वर अभियंत्याची आणि ठेकेदाराची सही हवी.