नियमांच्या वहीत गाव किती असावे?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा अमेरिकन खेळ आमच्या घरात शिरला तो इंदापूरच्या भाच्यामुळे. पुण्याला शिकायला गेला आणि सुट्टीत येताना ३२० पानांचे इंग्रजी पुस्तक घेऊन आला. खेळ तसा साधा. पाच-सहा जणांनी बसायचे, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे, आणि त्यांची धडपड सफल झाली की फसली ते वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना आम्ही एवढेच सांगितले की ही दास्तानच आहे, फक्त ऐकणारेही मध्ये बोलतात. त्यांना चटकन कळले.

लहानांना मात्र ते इंग्रजी झेपेना. म्हणून मराठीत आपली नियमवही करायचे ठरले आणि तिथेच बारामती व इंदापूर असे दोन तट पडले. बारामतीचा चुलतभाऊ पेशाने शिक्षक. त्याने दोनशे पानी वही भरून आणली. आठ राज्ये, त्यांच्या वंशावळी, लढाया, तह, नद्यांची नावे. नियम एकही नाही. इंदापूरकर म्हणाले, "भाई, हे वाचून होईपर्यंत फासा टाकायचा कधी? नियम द्या, जग बसल्या बसल्या उभे राहील."

हा वाद खेळाइतकाच जुना आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा डब्यात तीन बारीक पुस्तिका होत्या. त्यांत जग जवळजवळ नव्हतेच. उरलेली कल्पना तुमची तुम्ही करा, अशा अर्थाचे सांगून त्यांनी वाचकाला वाटेला लावले होते. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' छापले. त्याचा कर्ता मुहम्मद अब्दुर्रहमान बार्कर, इस्लाम स्वीकारलेला अमेरिकन, पुढे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू शिकवणारा प्राध्यापक. त्याने टेकुमेल नावाचे अख्खे जग रचले होते, भाषा, लिपी, देवदेवता आणि घराण्यांसकट. एवढा पसारा खेळणाऱ्याच्या गळी कसा उतरवायचा? बार्करने युक्ती केली. खेळणारा परमुलखातून होडीने येतो आणि बंदराच्या शहरात परक्यांच्या वस्तीत उतरतो. त्याला रीतभात माहीत नाही, खेळणाऱ्यालाही नाही. दोघे बरोबरच शिकतात. ही युक्ती आम्हाला फार आवडली. (याच बार्करने टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती, हे त्याचे साहित्य सांभाळणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केले. दुसऱ्याने रचलेल्या जगात राहायला जाताना घरमालक कोण, हे विचारलेले बरे.)

मग १९९२ मध्ये 'अल-कदीम' आले. अरबी सुरस कथांचे जग, वाळवंट, जिन, खलिफा, उंट. लेखकाने ते ममत्वाने लिहिले आहे यात शंका नाही. पण त्यात देव अनेक आणि सगळ्यांच्या वर 'नशीब'. भाच्याने इंटरनेटवर दाखवले तेव्हा आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "हे आपण आहोत का?" उंट आम्ही जत्रेत पाहिलेला. आमचा जन्म उसाच्या फडाकडेचा, नीरेच्या डाव्या कालव्यावरचा.

तेव्हा इंदापूरकरांना वाटले, वाद जिंकला. जग छापूच नका. पण तेही खरे नव्हते. आमच्याकडचे पुस्तक २०१४ चे, कुठल्याही कल्पित जगात चालेल अशा बेताने लिहिलेले. त्यातला रानवाटाड्या आपला आवडता मुलूख निवडतो. यादीत बर्फाळ प्रदेश आहे, किनारा, वाळवंट, जंगल, गवताळ माळ, डोंगर, दलदल आणि पाताळ आहे. धरणाचे बुडीत नाही. नायक घरातून निघतो तो कमरेला सोन्याची नाणी बांधून. आमच्या मुलखात कामाला निघणारा पुष्कळदा उचल घेऊन, म्हणजे कर्ज डोक्यावर घेऊन निघतो. थोडक्यात, जे पुस्तक जग सांगत नाही त्यातही कुणाचे तरी जग असतेच, फक्त ते सामानाच्या यादीत लपलेले असते.

आम्हाला वाट दाखवली ती गंजिफाने. बाबराच्या आठवणींत या पत्त्यांचा उल्लेख आहे, 'आईन-ए-अकबरी'त तर सविस्तर वर्णन. मोगली गंजिफात आठ रंग, ९६ पाने: ताज, शमशेर, गुलाम वगैरे, म्हणजे दरबाराची खाती. सावंतवाडीला तोच खेळ दशावतारी झाला, दहा रंग, १२० पाने. आता नियम पाहा. मोगली खेळात दिवसा डाव सुरू होतो तो सुर्ख म्हणजे सूर्याच्या रंगाने, रात्री सफेद म्हणजे चंद्राच्या रंगाने. दशावतारीत दिवसा राम, रात्री कृष्ण. सूर्यवंशी राम, चंद्रवंशी कृष्ण! दरबार गेला, अवतार आले, नियमाला धक्का नाही. खेळणाऱ्याला पुराण वाचावे लागत नाही. बाहेर ऊन आहे की अंधार, एवढे पाहिले की जग हातात आले.

बारामतीकर भाऊ सहज हार मानणारा नव्हे. त्याने मोरोपंत काढले. मोरोपंत बारामतीचे, त्यांनी १०८ रामायणे रचली असे सांगतात. एक निरोष्ठ, म्हणजे ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरेच नाहीत. त्यात रामाचे नावही घेता येत नाही! "पंतांना हे जमले, कारण राम सगळ्यांना ठाऊक होता," भाऊ म्हणाला. "माझी आठ राज्ये कुणाला ठाऊक आहेत? न लिहून कसे चालेल?" याला उत्तर नव्हते. होते ते एवढेच की ठाऊक असलेले एक जग आमच्या दारात होते, मग आठ नवी कशाला?

त्यावरून वहीतला पहिला खरा नियम झाला. डाव सुरू करताना उजनीचे पाणी ठरवायचे, सहा बाजूंच्या फाशावर. एक किंवा दोन आले तर पाणी उतरले, जुन्या पळसदेवची वाट उघडी, देऊळ पाण्याबाहेर. पाच-सहा आले तर होडीशिवाय जाता येणार नाही. दुसरा नियम उचलीचा: प्रत्येक पात्र कर्जात सुरू होते, आणि मुकादमाचा निरोप कधी येईल तेही फाशावर. या दोन नियमांत भाऊच्या वहीची पन्नास पाने आली असे आम्ही त्याला म्हणालो. तो हसला नाही.

अडले ते दोन ठिकाणी. भाच्याने इंदापूरच्या चाँदशाहवली बाबांचा दर्गा वहीत घातला, शेजारी ताकदीचे आकडे: जखम भरण्याची शक्ती इतकी, दुआचा फायदा इतका. पुस्तकात देवांची सोय अशीच असते. दादीने डोळ्यांजवळ धरून ते पान वाचले आणि म्हणाली, "पीरां को आकडे नको लगाव रे." आम्ही ते पान फाडले. पीराला घाबरून नव्हे. अल-कदीमने आमचे जे केले तेच आम्ही उरुसाला येणाऱ्या माणसांचे, त्यांत हिंदूही आलेच, करत होतो.

दुसरी जागा म्हणजे बुडालेले गाव. तिथे भुते, खजिना, राक्षस असा बेत होता. आमच्या एका खालाचे माहेर बुडितातले. धरण १९८० ला पुरे झाले, त्याआधीच तिचे घर उठले होते. ती पोह्यांची ताटली ठेवता ठेवता म्हणाली, "भुतं कशाला? आमच्या परसात निंब होता. निघताना अब्बांनी दाराची चौकट काढून आणली. उंबरा तेवढा राहिला."

त्या दिवशी पाणी उतरलेले होते, दोन पडले होते. खेळात कुणीतरी तो उंबरा शोधायला निघाले आणि तीन तास दुसरे काही झाले नाही.

वही सध्या बावीस पानांची आहे. बुडीत गावाच्या पानावर फक्त पाण्याचा नियम लिहिला आहे आणि खाली निम्मे पान मोकळे ठेवले आहे. भाऊची दोनशे पानी वही बारामतीच्या कपाटात असते. कुणी एखाद्या राजाचे नाव विचारले की तो फोनवर सांगतो.