बांधावरची उघाडी

उरणच्या उरल्यासुरल्या मिठागरांत बांधावरची उघाडी ज्यानें पाहिली असेल, त्याला पुढील शास्त्रीय विषय फारसा जड वाटूं नये. समुद्राचें पाणी केव्हां आंत घ्यावयाचें व केव्हां अडवावयाचें, हें त्या एका फळीवर अवलंबून. तीच फळी अवेळीं उघडी राहिली कीं तयार होत आलेलें मीठ विरघळून जातें.

आपल्या बहुतेक पेशींत जनुकें सारखींच असतात; तरी एक पेशी त्वचेची होते, दुसरी रक्ताची. कोणतें जनुक उघडावयाचें व कोणतें मिटावयाचें, हें ठरविणारीं प्रथिनें निराळींच असतात. ‘सॅटबी-वन’ हें त्यांपैकीं एक. 1992 सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं तें उजेडांत आणलें. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथींत संरक्षक ‘टी’ पेशी घडतात, त्या कामीं याचा मोठा वांटा. ज्या उंदरांत हें प्रथिन नसतें, त्यांच्या टी पेशी अर्ध्या वाटेवरच थांबतात. आपल्या पुण्यांत डॉ. संजीव गलांडे यांनीं, प्रथम राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांत व पुढें ‘आयसर’मध्यें, याच प्रथिनाचा वर्षानुवर्षें पाठपुरावा केला.

मी साहित्याचा अध्यापक. या वाटेला सहसा गेलों नसतों. परंतु माझ्या वहिनीला स्तनाचा कर्करोग झाला, आणि तिनें विचारलें, “भावोजी, हा शत्रू माझ्या अंगांत शिरला कोठून?” वृत्तपत्रांतील ‘कर्करोगाशीं झुंज’ ही भाषा मला मुळींच रुचत नाहीं, शत्रू बाहेरचा असल्याचा भ्रम तीच पसरविते. 2008 सालीं ‘नेचर’मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, हेंच सॅटबी-वन स्तनाच्या अर्बुदांत हजारावर जनुकांची व्यवस्था पालटतें व रोगाच्या प्रसारास हातभार लावतें. दोन वर्षांनीं दुसऱ्या संशोधकांना तसें आढळलें नाहीं. वाद आहे, हेंही मी वहिनीला सांगितलें.

तिचें माहेर मिठागरवाल्यांचें. ती म्हणाली, “म्हणजे राखणदारच फिरला म्हणा!”

“फिरला असें नव्हे, भलत्या जागीं, भलत्या वेळीं कामाला लागला.”

“मग त्याला काढून कां टाकीत नाहींत?”

“सरसकट काढला, तर टी पेशी कोणी घडवाव्या?”

ती कांहीं वेळ गप्प राहिली. तिला मिळणारें औषध या प्रथिनावरचें नव्हेच. झपाट्यानें वाढणाऱ्या पेशी मारणारें तें जुनेंच, आणि त्यांत तिचे केंसही गेले. खारघरची पुढची खेप मंगळवारीं आहे.