लिटल सेंट मेरीज लेनमधला जिना

केंब्रिजला आलेला पाहुणा आधी किंग्ज कॉलेजकडे वळतो, नाहीतर नदीवरच्या होड्यांकडे. मी स्टेशनवरून पायी निघालो आणि फिट्झविल्यम संग्रहालय मागे टाकून लिटल सेंट मेरीज लेनमध्ये शिरलो. नाव मोठं असलं तरी आहे बोळच. एका अंगाला चर्चची रानवट झाडोऱ्यात बुडालेली जुनी दफनभूमी, दुसऱ्या अंगाला खेटून उभी असलेली अरुंद घरं. त्यातल्या सहा नंबरात भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग आणि त्यांची पत्नी जेन यांचा संसार होता. लोकांच्या दारात रेंगाळणं बरं नव्हे. मला फक्त घराची उभी चण पाहायची होती. अशा घरात झोपायचं तर जिना चढावाच लागतो.

1963 साली, एकविसाव्या वर्षी, स्टीफनला मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. यात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. डॉक्टरांनी दोन वर्षांची मुदत दिली होती. त्याआधी दोनच वर्षं, 1961च्या उन्हाळ्यात, एका विज्ञान परिषदेत हाच मुलगा आपल्या जयंत नारळीकरांशी टेबल टेनिस खेळला होता! जेनला निदान ठाऊक होतं, तरी जुलै 1965मध्ये ट्रिनिटी हॉलच्या चिमुकल्या चॅपेलमध्ये तिने लग्न केलं. नवरदेव काठी टेकत उभा होता.

मुदत टळली, आजार मात्र थांबला नाही. 1967मध्ये रॉबर्ट झाला, 1970मध्ये ल्यूसी. स्टीफन कठडा धरून, स्वतःला ओढत जिना चढे. ल्यूसीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनी, रात्री बिछान्यात शिरताना, कृष्णविवरांविषयीची एक मोठी कल्पना आपल्याला सुचली, असं त्यांनी पुढे लिहिलं. अपंगत्वामुळे बिछान्यात शिरायला फार वेळ लागे, म्हणून विचाराला सवड मिळाली! किस्सा छान आहे आणि सगळे तो रंगवून सांगतात. त्या रात्री घरात तीन वर्षांचा मुलगा आणि तान्ही मुलगी होती, हे कोणी सांगत नाही. जेन मध्ययुगीन स्पॅनिश काव्यावर प्रबंध लिहीत होती. संसार सांभाळत तिला डॉक्टरेट मिळाली ती 1981मध्ये.

बोळातून सिल्व्हर स्ट्रीटवर आलो. स्टीफनचा विभाग इथेच होता, घरापासून अगदी हाकेच्या अंतरावर. पूल ओलांडून थोडं चाललं की वेस्ट रोड. कॅलिफोर्नियातलं वर्ष संपवून 1975मध्ये परतल्यावर हे कुटुंब इथे, कॉलेजच्या घराच्या तळमजल्यावर राहायला आलं. आता चाकाची खुर्ची होती, जिना नव्हता. याच रस्त्यावर आज स्टीफनच्या नावाची इमारत आहे.

जिना गेला म्हणून भार हलका झाला नाही. चर्चच्या गायकवृंदात जेनची जोनाथन हेलियर जोन्स या संगीतकाराशी ओळख झाली आणि तो या घराचा आधार बनला. जेनच्या सांगण्यानुसार स्टीफनने हे नातं मान्य केलं होतं. बाहेरच्यांनी यावर निवाडा देऊ नये, असं मला वाटतं. चोवीस तास एका माणसाला भरवणं, उचलणं, कूस बदलून देणं कशाला म्हणतात, हे केलेल्यालाच माहीत.

1985मध्ये जिनिव्हाला स्टीफनला न्यूमोनिया झाला. श्वसनयंत्र बंद करायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. जेनने ठाम नकार दिला आणि स्टीफनला विमानाने केंब्रिजला आणवलं. श्वासनलिकेला छेद द्यावा लागला. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. यापुढे घरी रात्रंदिवस परिचारिका हव्या होत्या. सरकारी आरोग्यसेवा तेवढं देत नव्हती. जेनच्या खटपटीने अमेरिकेच्या मॅकआर्थर फाउंडेशनकडून पैसा आला.

मदत आली आणि घराचं घरपण गेलं. खोल्याखोल्यांत पाळीवर आलेली माणसं. नवराबायकोला एकांत म्हणून उरला नाही. त्यात स्टीफनच्या 1988मधल्या पुस्तकाने त्यांना जगभर पोचवलं. 1990मध्ये दोघं वेगळे झाले, 1995मध्ये घटस्फोट. त्याच वर्षी स्टीफनने इलेन मेसन या आपल्या परिचारिकेशी लग्न केलं. 1997मध्ये जेनने जोनाथनशी.

हे लग्न मोडलं असं सर्रास म्हणतात. दोन वर्षांची मुदत मिळालेल्या माणसाबरोबर जेनने पंचवीस वर्षं काढली, शिवाय 1979मध्ये जन्मलेलं टिमथी हे तिसरं मूलही वाढवलं. 2006मध्ये इलेनशी घटस्फोट झाल्यावर स्टीफन, जेन आणि जोनाथन यांचं पुन्हा जाणं-येणं सुरू झालं. मार्च 2018मध्ये ग्रेट सेंट मेरीज चर्चमध्ये स्टीफनला निरोप देताना घंटेचे 76 टोल पडले, तेव्हा जेनही तिथे होती.