टायरमधले मणी

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नोकरी-धंद्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "तुमच्या लोकांचं बरं आहे, काही नाही जमलं तर पंक्चरचं दुकान टाकायचं." मी हसून सोडून देतो. माझ्या अब्बांचं खरोखरच टायरचं दुकान आहे, सोलापूर-पुणे रस्त्याला लागून, आणि माझी बी.कॉम.ची फी त्याच दुकानानं भरली. पण कबूल करायला हवं, ते काम हातांचं आहे, त्यात डोक्याला फारसं काही नाही, असं मनातून मलाही वाटायचं. मागच्या पावसाळ्यात ते वाटणं गेलं.

माझ्या मोटरसायकलचं हँडल साठच्या पुढे थरथरायला लागलं होतं. मोबाइलवर शोधताना मला बॅलन्सिंग बीड्स सापडले. बीड्स म्हणजे काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक गुळगुळीत मणी. टायरच्या आत ते सुटे सोडायचे, चाक फिरायला लागलं की ते आपोआप हलक्या बाजूला जमतात आणि चाकाचा तोल साधतात, असं लिहिलं होतं. रिमला शिशाची वजनं ठोकायची गरज नाही. दुचाकीच्या पुढच्या चाकाला साधारण तीस ग्रॅम पुरतात. मी पाकीट मागवलं आणि रविवारी दुकानावर गेलो. अब्बांना काहीतरी नवीन शिकवावं, हाही हेतू होताच.

अब्बांनी पाकीट हातात घेतलं, दोन मणी चिमटीत फिरवून पाहिले आणि म्हणाले, "पयले चक्का खोल."

चाक काढलं. त्यांनी आसाची दांडी दोन स्टुलांवर टेकवून चाक मोकळं फिरवलं आणि थांबेपर्यंत वाट पाहिली. ते थांबलं तिथे खाली खडूनं खूण केली. पुन्हा फिरवलं, पुन्हा खूण. चार वेळा केलं. चारही खुणा वेगवेगळ्या ठिकाणी पडल्या. "एखादी बाजू जड असती तर दर वेळी तीच खाली आली असती," ते म्हणाले. "वजनात काही नाही. मग हे मणी करणार काय?"

मग त्यांनी खडू रिमच्या कडेजवळ स्थिर धरला आणि चाक हळू फिरवलं. एका जागी खडू घासला. बाकी कुठेच नाही. रिम तिथे आत दबली होती. मला आठवलं, जूनमध्ये पुलाजवळ पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात चाक आपटलं होतं. त्यानंतर दर आठवड्याला पुढच्या टायरमध्ये हवा भरावी लागत होती. मी पंपावर भरत होतो आणि विसरत होतो. टायर ट्यूबलेस. दबलेल्या जागी त्याची कड रिमला नीट चिकटत नव्हती, तिथूनच हवा जात होती.

"वेगात असताना इथली हवा एकदम गेली तर?" अब्बांनी विचारलं. मी गप्प राहिलो. रोज सकाळी मुलीला शाळेत सोडायला मी त्याच गाडीवर नेतो.

तोल बिघडणं आणि आकार बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्या दिवशी कळलं. मणी फक्त वजनाची चूक भरून काढतात. वाकलेली रिम, फुगलेला टायर, सैल बेअरिंग यांना त्यांचा उपयोग नाही. उलट थरथर थोडी कमी झाली असती तर मी आणखी सहा महिने तसाच फिरलो असतो.

अब्बांना मण्यांचं वावडं आहे असं मात्र नाही. भाईजान ट्रक चालवतात. त्यांनी पुढचे दोन टायर नवे घेतले, तेव्हा अब्बांनी किंगपिन, बेअरिंग, रिम सगळं तपासलं आणि टायर चढवतानाच आत मणी ओतले. मोठ्या ट्रकच्या पुढच्या चाकाला हे मणी साधारण पाव किलोच्या आसपास लागतात. आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढून टाकलं, कारण ओल लागली की मणी एकमेकांना चिकटून गोळा होतात. पंक्चर थांबवणारं औषध ज्या टायरमध्ये आहे, त्यात ते घालतच नाहीत, त्याच कारणानं. व्हॉल्व्हची साधी पिन काढून जाळीची बसवली, नाहीतर हवा तपासताना मणी पिनमध्ये अडकतो आणि हवा सुटत राहते.

हे चालतं कसं, तेही मी त्यांना विचारलं. फिरणाऱ्या चाकात सगळं बाहेर फेकलं जातं, मग मणी जड बाजूलाच का जात नाहीत? अब्बांनी दोरीला नट बांधून फिरवून दाखवला, पण नीट समजलं ते घरी वाचल्यावर. चाक स्प्रिंगवर टेकलेलं असतं, ते थोडं हलू शकतं. एका ठरावीक वेगाच्या वर जड चाक आपल्या जड बाजूभोवती फिरायला पाहतं. मग फिरण्याच्या केंद्रापासून सर्वात लांब पडते ती हलकी बाजू, आणि मणी तिकडे सरकतात. त्या वेगाच्या खाली हे जमत नाही. म्हणून बॅलन्सिंगच्या मशीनवर, जिथे चाक घट्ट पकडलेलं असतं, तिथे मणी घातलेलं चाक भलतेच आकडे दाखवतं. गाडी थांबली की सगळे मणी तळाला पडतात, आणि निघाली की त्यांचं काम पहिल्यापासून सुरू होतं.

भाईजान म्हणतात, रिकामा ट्रक घेऊन येताना स्टेअरिंग आता हाताला लागत नाही.

अब्बांनी हे वाचलेलं नाही. त्यांनी हजारो चाकं फिरवून पाहिली आहेत. माझ्याकडे पाकीट होतं, त्यांच्याकडे खडू होता, आणि त्या दिवशी माझ्या मुलीच्या कामाला खडू आला. आता ऑफिसात कुणी पंक्चरच्या दुकानाचं काढलं की मी नुसता हसत नाही. ही गोष्ट सांगतो. परवा एकानं ऐकून झाल्यावर हळूच विचारलं, त्याच्या गाडीचंही हँडल हलतं, रविवारी दुकान उघडं असतं का?

मी रिम बदलून घेतली. मण्यांचं ते पाकीट अजून दुकानातल्या फळीवर आहे, शिशाच्या वजनांच्या डब्याशेजारी. कुणी मागितलं तर अब्बा देतात. पण आधी चाक उतरवायला लावतात.